पट्टीखालचा काळा डाग

घरातील ज्येष्ठ व्यक्ती रुग्णालयात दाखल झाली की जैन समाजात सारे कुटुंब तिच्या खाटेभोवती उभे राहते. दुकानाची जबाबदारी धाकटा भाऊ उचलतो, सुना आळीपाळीने रात्र काढतात, गावोगावचे व्याही-जावई भेटीला येतात आणि सूर्यास्तापूर्वी घरचा डबा पोहोचेल याची दक्षता घेतली जाते. शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले की सर्वांचा जीव भांड्यात पडतो. अशा वेळी, चौथ्या-पाचव्या दिवशी, सलाईनची सुई धरून ठेवणाऱ्या चिकटपट्टीच्या कडेला एक जांभळट-काळा डाग दिसतो. कोणी म्हणते, रक्त साकळले असेल. कोणी म्हणते, पट्टी घट्ट बसली असेल. एखादा पाहुणा पिशवीतून मलमाची नळी काढतो. बहुतेक वेळा तो डाग खरोखरच निरुपद्रवी असतो. क्वचित प्रसंगी मात्र तो अशा रोगाची पहिली खूण असतो, ज्यात एका दिवसाच्या विलंबाची किंमत हातपाय किंवा प्राण देऊन मोजावी लागते.

हे रोग दुर्मिळ आहेत, हे आरंभीच स्पष्ट करणे इष्ट होय. रुग्णालयात जाणाऱ्या शेकडो रुग्णांपैकी बहुतेकांना त्यांचा स्पर्शही होत नाही. परंतु दुर्मिळतेमुळेच ते ओळखण्यास उशीर होतो, आणि उशीर हेच त्यांचे खरे भांडवल असते.

त्वचेची तटबंदी

प्रौढ माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे दीड ते दोन चौरस मीटर असते. तिचा वरचा थर मृत पेशींचा असला तरी तोच शरीराचा पहिला कोट आहे. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, तो कोरडा राहतो आणि त्यावर नित्य वस्ती करणारे निरुपद्रवी जीवाणू परक्या जंतूंना सहजासहजी जागा देत नाहीत. हवेत, मातीत, धान्याच्या कोठारात बुरशीचे असंख्य बीजाणू तरंगत असतात. निरोगी माणूस ते रोज अंगावर बाळगतो आणि त्याला काहीही होत नाही.

रुग्णालयात या तटबंदीला अनेक ठिकाणी खिंडारे पडतात. शिरेत सुई असते, पोटावर टाके असतात, चिकटपट्टी ओढून काढताना साल निघते, घामाने पाठ ओलसर राहते आणि एकाच कुशीवर पडून राहिल्याने शय्याव्रण होतात. त्याच वेळी आतली राखणही दुबळी झालेली असते. कर्करोगाच्या औषधांनी रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात, स्टेरॉइडमुळे प्रतिकारशक्ती मंदावते, अनियंत्रित मधुमेहात या पेशींची काम करण्याची शक्ती क्षीण होते. बैठ्या व्यवसायाच्या व्यापारी कुटुंबांत मधुमेह अनोळखी नाही, म्हणून हा विषय दूरचा म्हणता येत नाही.

बुरशी : पट्टी, लाकूड आणि चादर

म्युकोरमायकोसिस हे नाव 2021 मध्ये घरोघरी पोहोचले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, विशेषतः मधुमेह असलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांत, नाक, डोळे आणि टाळूवर या रोगाने घाला घातला. त्या वर्षीच्या मे महिन्यात केंद्र सरकारने राज्यांना या रोगाची नोंद बंधनकारक करण्यास सांगितले. महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे त्या काळात ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी शहराशहरांतून वणवण फिरली. लोकांनी त्यास ‘काळी बुरशी’ म्हटले. वस्तुतः ती बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरते, आतील रक्त गोठते, रक्तपुरवठा तुटतो आणि तेथील मांस मरून काळे पडते. काळा रंग हा त्या मृत मांसाचा असतो.

हाच रोग त्वचेतूनही शिरू शकतो, ही गोष्ट त्या धामधुमीत मागे पडली. रुग्णालयांच्या इतिहासात त्याचे तीन बोधप्रद दाखले आहेत. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील अनेक रुग्णालयांत ताणल्या जाणाऱ्या चिकटपट्ट्यांखालील त्वचेत रायझोपस नावाच्या बुरशीचा संसर्ग आढळला. शोध घेता बुरशीचे बीजाणू त्या पट्ट्यांतच सापडले. जखम झाकण्यासाठी लावलेली वस्तूच रोग घेऊन आली होती. 1990 च्या दशकात ब्रिटनमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या विभागात असाच प्रकार घडला. सलाईन लावलेला चिमुकला हात स्थिर राहावा म्हणून त्याखाली जीभ दाबण्याच्या लाकडी पट्ट्या बांधल्या जात. त्या लाकडात बुरशी होती आणि त्या बालकांची त्वचा कागदासारखी नाजूक होती.

तिसरा दाखला अधिक दुःखद आहे. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे एका बालरुग्णालयात 2008 आणि 2009 या काळात पाच मुले त्वचेच्या म्युकोरमायकोसिसने दगावली. ती एकाच विभागात नव्हती, त्यांचे मूळ आजारही निरनिराळे होते. पुढे झालेल्या तपासात बुरशीचा माग प्रामुख्याने धुऊन आलेल्या चादरी आणि कपड्यांपर्यंत पोहोचला. म्हणजे वस्त्र धुतले गेले होते. परंतु धुण्यानंतर ते कोठे ठेवले, कसे झाकले आणि कोणत्या मार्गाने आणले, हा प्रश्न उरलाच होता.

भारतातील मातीचा एक रहिवासी

याच कुळातील ॲपोफिसोमायसिस या बुरशीचा भारताशी निकटचा संबंध आहे. 1979 मध्ये उत्तर भारतातील आंब्याच्या बागेच्या मातीतून ती प्रथम वेगळी करून तिचे वर्णन करण्यात आले. पुढे भारतातील रुग्णालयांतूनच तिच्या संसर्गाचे अनेक रुग्ण नोंदले गेले. तिचे वैशिष्ट्य असे की ती धडधाकट माणसालाही सोडत नाही. अपघातातील जखमेत माती गेली, भाजलेल्या त्वचेवर धूळ बसली किंवा अस्वच्छ रीतीने इंजेक्शन दिले गेले, तर ती मांसाच्या थरांतून वेगाने पसरू शकते. 22 मे 2011 रोजी अमेरिकेतील जॉप्लिन शहरावर आलेल्या भीषण चक्रीवादळानंतर 13 जखमी व्यक्तींना याच गटातील बुरशीचा संसर्ग झाला आणि त्यांपैकी पाच दगावल्या. उडालेल्या लाकडाच्या ढलप्या आणि माती त्यांच्या जखमांत खोल रुतलेली होती.

माती आणि जखम यांचा हा संबंध विहार करणाऱ्या साधु-साध्वींच्या बाबतीत श्रावकांनी विशेष लक्षात ठेवावा. अनवाणी चालताना काटा किंवा खडा रुतून झालेली लहानशी जखम पुष्कळदा उल्लेखाविनाच राहते. अशा जखमेतून वर्षानुवर्षे हळूहळू पसरणारा मायसेटोमा हा पायाचा रोग होऊ शकतो. त्यामागे बुरशी असते, असे 1860 च्या सुमारास मुंबईत डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी दाखविले. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या विख्यात ग्रंथातील आकृत्या काढणारे कार्टर ते हेच. मुनिसंघाच्या वैयावृत्त्यात आहाराइतकेच पायांच्या जखमांकडे लक्ष देणे, ती धुऊन कोरडी ठेवण्याची योग्य व्यवस्था करणे आणि गाठ किंवा स्राव दिसताच डॉक्टरांना दाखविणे, हा सेवेचाच भाग आहे.

जीवाणू : चोवीस तासांचा आणि सहा आठवड्यांचा

बुरशीप्रमाणेच काही जीवाणूही त्वचेवर अनपेक्षित रूपाने प्रकट होतात. त्यांपैकी दोन परस्परविरुद्ध स्वभावाचे आहेत.

पहिला स्यूडोमोनस. तो ओलाव्यात वाढतो. नळाची तोटी, मोरी, श्वसनयंत्राची नळी ही त्याची आवडती ठिकाणे. ज्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशी अत्यंत घटलेल्या आहेत त्याच्या रक्तात तो शिरला तर त्वचेवर एक्थायमा गँग्रिनोझम नावाचा व्रण उमटतो. आरंभी लालसर ठिपका, मग फोड, आणि मध्यभागी काळी खपली व भोवती लाल कडे. हा सारा प्रवास बारा ते चोवीस तासांत पूर्ण होऊ शकतो. सकाळी दिसलेला ठिपका ‘संध्याकाळच्या राऊंडला सांगू’ म्हणून ठेवून देणे येथे परवडत नाही.

दुसरा जीवाणू याच्या उलट संथ आहे. दुर्बिणीने केलेली पित्ताशयाची किंवा हर्नियाची शस्त्रक्रिया आता नित्याची झाली आहे. रुग्ण दोन दिवसांत घरी येतो, टाके सुकतात, तो दुकानात बसू लागतो. आणि तीन-चार आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, पोटावरील त्या छोट्या छिद्राच्या जागी गाठ येते, त्वचा काळपट होते, पाण्यासारखा स्राव वाहू लागतो. नेहमीची प्रतिजैविके घेतली की थोडे बरे वाटते, पुन्हा वाहते. याच्या मुळाशी क्षयरोगाच्या जंतूच्या कुळातील, परंतु क्षयरोग न करणारे मायकोबॅक्टेरिया असू शकतात. ते पाण्यात राहतात आणि त्यांच्या भिंतीवर मेणासारखे आवरण असल्याने जंतुनाशकांना सहज दाद देत नाहीत. उष्णता न सोसणारी दुर्बिणीची उपकरणे अनेक ठिकाणी ग्लुटराल्डिहाइड या द्रावणात बुडवून जंतुमुक्त केली जातात. उपकरणाचे भाग सुटे करून आतून घासले नाहीत, द्रावण मुदतीपलीकडे वापरले, पुरेसा वेळ बुडविले नाही किंवा शेवटी साध्या नळाच्या पाण्याने विसळले, तर हे जंतू उपकरणासोबत पोटात जातात.

या रोगात नेहमीच्या तपासणीचा अहवाल दोन दिवसांत ‘जंतू आढळले नाहीत’ असा येतो, कारण या जंतूंना वाढण्यास अधिक दिवस लागतात. कधी तो क्षयरोग समजून क्षयाची नेहमीची औषधे सुरू होतात आणि त्यांनी गुण येत नाही. योग्य निदान झाल्यावर क्लॅरिथ्रोमायसिनसारखी निराळी औषधे कित्येक महिने घ्यावी लागतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतर महिन्याभराने वाहू लागलेली जखम ही नवी घटना नव्हे, जुन्याच खात्यातील नोंद आहे असे समजून मूळ शल्यविशारदाकडेच जावे आणि या जंतूंची स्वतंत्र तपासणी करावी काय, हे विचारावे.

यांच्या जोडीला कँडिडा ऑरिस या नव्या बुरशीचाही उल्लेख आवश्यक आहे. 2009 मध्ये जपानमधील एका वृद्धेच्या कानातून ती प्रथम ओळखली गेली; ‘ऑरिस’ म्हणजे लॅटिनमध्ये कान. ती काखेतील आणि जांघेतील त्वचेवर काही त्रास न देता वस्ती करते, तेथून खाटेच्या कठड्यांवर आणि हातांवर पसरते आणि सुईच्या मार्गाने रक्तात शिरली तर अनेक औषधांना जुमानत नाही. भारतातील अतिदक्षता विभागांतही ती आढळली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या घातक बुरशींच्या यादीत तिला सर्वांत गंभीर गटात स्थान दिले आहे.

तुकडा काढण्याची भीती

निदानाच्या वेळी पुष्कळ कुटुंबे एका ठिकाणी अडतात. डॉक्टर म्हणतात, व्रणाचा छोटा तुकडा काढून तपासावा लागेल; घरचे म्हणतात, आधीच एवढे झाले आहे, आणखी कापाकापी नको, वरून कापसाने पुसून पाहा. परंतु ही बुरशी आणि हे जंतू त्वचेच्या खोल थरांत असतात. वरून पुसलेल्या कापसावर पृष्ठभागावरचे भलतेच जंतू येतात आणि औषधांची दिशा चुकते.

तुकडा काढल्यावर त्याचे दोन भाग व्हावे लागतात. एक फॉर्मालिनमध्ये जातो, त्यावरून सूक्ष्मदर्शकाखाली मांसातील बदल दिसतात. दुसरा जंतुविरहित सलाईनमध्ये जातो, त्यावरून जंतू वाढवून त्याचे नाव व त्यावर चालणारे औषध कळते. संपूर्ण तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकला तर जंतू मरतात आणि दुसरी तपासणी कायमची हुकते. नमुना घेऊन प्रयोगशाळेत धावण्याचे काम बहुधा घरातल्या तरुणाकडेच येते. त्याने ‘बाटल्या दोन आहेत ना?’ एवढे विचारले तरी पुष्कळ साधते. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून केलेल्या साध्या तपासणीतही बुरशीचे तंतू त्याच दिवशी दिसू शकतात.

त्याआधी व्रणावर कोणतेही मलम लावू नये. औषधांच्या दुकानात सहज मिळणाऱ्या मिश्र मलमांत स्टेरॉइड असते. त्याने लाली व खाज कमी होते, रोग बरा झाल्यासारखा वाटतो, आणि आत बुरशीला मोकळे रान मिळते.

अहिंसा आणि औषध

बुरशीच्या रोगात मृत मांस शस्त्रक्रियेने काढणे, ॲम्फोटेरिसिनसारखे औषध शिरेतून देणे आणि रक्तातील साखर आटोक्यात आणणे, ही तिन्ही कामे एकदम करावी लागतात. अशा वेळी एखाद्या वयोवृद्ध श्रावकाच्या मनात प्रश्न येतो की बुरशी हाही जीवच. मग तिचा नाश करून जगावे काय? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. बुरशी आलेला पदार्थ अनंत जीवांचा आश्रय मानून वर्ज्य करणाऱ्या परंपरेत तो उठणे स्वाभाविक आहे. तथापि शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे भेद केले आहेत आणि गृहस्थाला प्रथम संकल्पी हिंसेचा, म्हणजे मारण्याच्या हेतूने केलेल्या हिंसेचा त्याग सांगितला आहे. रोगाचा उपचार हा त्या कोटीत बसत नाही. आहार, शास्त्र आणि अभय यांच्या बरोबरीने औषधदानाला चार दानांत स्थान देणाऱ्या धर्माने औषधाकडे परके म्हणून पाहिलेले नाही. उलट बुरशी उत्पन्नच होऊ नये, असे वागणे हाच तिच्या संदर्भातील अहिंसेचा खरा मार्ग होय. गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटका, म्हणजे 48 मिनिटे. पिठाची, पापडाची, लोणच्याची ऋतूप्रमाणे मर्यादा. चातुर्मासात ओलाव्याविषयी विशेष दक्षता. या साऱ्या आचारामागे हेच सूत्र आहे. शुद्ध केलेली वस्तू कायमची शुद्ध राहत नाही, तिलाही काळाची मर्यादा असते. जंतुनाशकाचे द्रावण, धुतलेली चादर, शिरेतील सुई आणि जखमेवरील पट्टी यांनाही हाच नियम लागू आहे.

दानाची दिशा

बुरशीवरील औषधांच्या इतिहासातील एक प्रसंग व्यापारी समाजाने मुद्दाम आठवावा. 1950 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागातील एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन या दोन संशोधिकांनी निस्टॅटिन हे बुरशीनाशक शोधले. एक न्यूयॉर्क शहरात काम करी, दुसरी ऑल्बनीत. मातीतील सूक्ष्मजीवांचे नमुने टपालाने एकीकडून दुसरीकडे जात. ज्या मातीतून हे औषध मिळाले ती व्हर्जिनियातील एका परिचित कुटुंबाच्या दुग्धशाळेजवळची होती. तोंडातील व त्वचेवरील कँडिडा या बुरशीवर ते आजही वापरले जाते. 1966 च्या फ्लॉरेन्समधील महापुरानंतर भिजलेल्या कलाकृती बुरशीपासून वाचविण्यासाठीही त्याचा उपयोग झाला. या औषधाच्या स्वामित्वधनातून 1 कोटी 30 लाख डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली. त्या दोघींनी त्यातील काहीही स्वतःसाठी न ठेवता ती संशोधनाच्या कार्याला अर्पण केली.

जैन समाजाने रुग्णालये, दवाखाने आणि धर्मार्थ शस्त्रक्रिया शिबिरे उभारण्यात कधीच हात आखडता घेतलेला नाही. खाट, खोली, रुग्णवाहिका यांसाठी देणगीदार सहज पुढे येतात, कारण तेथे नामफलक लागतो. परंतु वर वर्णिलेल्या रोगांपासून रुग्णाला वाचविणाऱ्या गोष्टी डोळ्यांआड असतात. चांगला ऑटोक्लेव्ह, उपकरणांचे पुरेसे जादा संच, झाकलेल्या गाडीतून चादरी आणणारी धुलाईची व्यवस्था, बुरशीचे कल्चर करणारी प्रयोगशाळा, प्रशिक्षित तंत्रज्ञाचा पगार, या गोष्टींवर कोणाचे नाव कोरले जात नाही. एका दिवशी अनेक शस्त्रक्रिया करणाऱ्या शिबिरात उपकरणांचे संच मोजकेच असतील, तर दोन रुग्णांच्या मध्ये त्यांचे निर्जंतुकीकरण पुरते होते काय, हे विचारणे विश्वस्तांचे कर्तव्य आहे. संस्थेच्या ताळेबंदात इमारतनिधीशेजारी निर्जंतुकीकरणाचा खर्च किती दाखविला आहे, एवढे पाहिले तरी बरेच काही उमगते.

कुटुंबाने काय करावे

रुग्णाजवळ एका वेळी एक-दोन माणसे असावीत, बाकीच्यांनी दूरध्वनीवर समाचार घ्यावा. आत जाताना आणि बाहेर येताना हात धुवावेत. रुग्णाला स्पर्श केलेल्या हाताने शेजारच्या खाटेला हात लावू नये. प्रतिकारशक्ती घटलेल्या रुग्णाजवळ फुलदाणी किंवा कुंडी ठेवू नये, त्यातील पाणी व माती हेच जंतूंचे घर असते. शिरेतील सुईची अजून गरज आहे काय, असे परिचारिकेला रोज नम्रपणे विचारावे. पट्टी भिजली तर बदलून घ्यावी. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी आणि पाठ, टाचा, माकडहाड रोज उजेडात पाहावे. मधुमेही रुग्णाने शस्त्रक्रियेनंतर उपवास, आयंबिल किंवा एकाशन करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे; साखरेचा चढउतार जखमेला मानवत नाही.

आणि डाग दिसला तर? त्याच्या कडेने पेनाने रेघ ओढून वेळ लिहावी, भ्रमणध्वनीवर छायाचित्र घ्यावे आणि लगेच डॉक्टरांना दाखवावे. दोन तासांनी डाग रेघेबाहेर गेला असेल, मध्यभागी काळा पडत असेल, दिसतो त्यापेक्षा अधिक दुखत असेल किंवा सोबत ताप असेल, तर पुढील भेटीची वाट पाहू नये. तपासाअंती ते साधे साकळलेले रक्त ठरले तर कोणाचेच काही बिघडत नाही. डॉक्टरांना पुन्हा त्रास कशाला द्यायचा, या भिडेपायी गेलेली रात्र मात्र परत मिळत नाही.